पावणेदहाची गाडी

त्या घरात संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागायचा आणि सात एकतीसला भांडण. मालिका सगळीकडे गाजत होती. डोंगरापलीकडचं, जगापासून तुटलेलं एक लहानसं गाव, तिथे बदलून आलेली तरुण डॉक्टरीण आणि तिच्याकडे संशयाने बघणारी माणसं. सून दिवसभर दाताच्या दवाखान्यात लोकांचे जबडे बघून दमून यायची, तिला हा अर्धा तास म्हणजे जीव की प्राण. सासूबाई विणकाम घेऊन बसायच्या. वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झाले होते. त्यांना सगळी इमारत प्रूफकाका म्हणायची. ते स्वतःची खुर्ची उचलून खाली यायचे, कारण दुसऱ्याच्या खुर्चीत त्यांची पाठ धरायची. आणि खिडकीजवळ बसायचे घरचे मालक, निवृत्त बसड्रायव्हर. डेपोत त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही. तिथे त्यांचं नाव होतं पावणेदहा.

वाद सुरू झाला तो तिसऱ्या भागापासून. डॉक्टरीण जड बॅग ओढत, धापा टाकत गावात शिरते. वेशीवरचा म्हातारा तिला सांगतो, “इथे काही येत नाही, बाई. इथे फक्त वारा येतो.”

“बस कुठंय?” पावणेदहा ओरडले.

सुनेच्या हातातला कप हिंदकळला. “काय झालं, बाबा?”

“काही येत नाही म्हणे! अगं, ते हिरवं छप्पर बघ. तो बसथांबा आहे. माझा शेवटचा थांबा. त्याला तो हिरवा रंग मी माझ्या हाताने दिलाय. आणि हे लोक त्यात बकऱ्या बांधतात? बस कुठंय?”

“अहो, ती गोष्ट आहे,” बायको म्हणाली.

“गोष्ट असेल तर स्वतःचं गाव बांधा ना! माझ्या गावात जाऊन खोटं कशाला बोलता?”

माझ्या गावात, हे ते सहज म्हणाले. त्या गावात त्यांचं घर नव्हतं, नातेवाईक नव्हते. फक्त सव्वीस वर्षं रोज सकाळी सहा पन्नासला डेपोतून निघून पावणेदहाला ते तिथे गाडी लावत होते. दगडाची खाण चालू होती तोवर गाडीत उभं राहायला जागा नसायची. खाण बंद पडली, धडधाकट माणसं निघून गेली, म्हातारी मागे राहिली, तरी गाडी जायची. दरड कोसळली तेव्हा दोनदा आणि टायर फुटला तेव्हा एकदा, एवढ्याच फेऱ्या चुकल्या. मुलगा जन्मला त्या दिवशीही गाडी वेळेवर गेली होती. तो मुलगा आता परगावी नोकरीला होता, पण ही गोष्ट बायको विसरलेली नव्हती.

सीटच्या मागे त्यांनी एक लाकडी पेटी ठोकून घेतली होती. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं इन्शुलिन, दुरुस्तीची घड्याळं, शाळेचे परीक्षा अर्ज, एकदा तर कुणाची तरी कवळी, असं काय काय जायचं-यायचं. कुणाचं काय आणायचं ते सगळं एका वहीत. कोणत्या वळणावर हॉर्न दोनदा द्यायचा, कारण तिथल्या सुताराला कमी ऐकू येतं, हेसुद्धा वहीत. अशा माणसाला कुणी तोंडावर सांगितलं की तिथे फक्त वारा येतो, तर तळपायाची आग मस्तकात जाणारच. मी म्हणतो, का जाऊ नये?

पण राग खरा असला तरी रोजचा राग घरच्यांना जड होतो. सून एकदा हळहळून म्हणाली, “किती साधी माणसं ना ही! जगाची काही खबरच नाही बिचाऱ्यांना.”

“साधी?” पावणेदहा उसळले. “तिथला न्हावी पत्त्यांत तुला उभी विकेल. तिथल्या औषधवाल्याने तीन शेजाऱ्यांवर खटले भरलेत आणि तिन्ही जिंकलेत. बिचारे म्हणे! बिचारे तुम्ही, जे दाखवतील ते गिळता.”

“बाबा, मला अर्धा तास मिळतो दिवसात. फक्त अर्धा तास,” सून म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

बायकोने सुया खाली ठेवल्या. “उद्यापासून तुम्ही साडेसातला स्वयंपाकघरात बसायचं.”

ते बसलेसुद्धा. पण भिंत पातळ होती आणि कान तिखट. डॉक्टरीण टीव्हीत म्हणायची, “या गावाला सगळे विसरलेत,” आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “बस कुठंय?” शेवटी प्रूफकाकाच म्हणाले, त्यांना आत बोलवा, निदान दिसतील तरी.

बाराव्या भागात एक दृश्य आलं. सकाळची वेळ. त्याच हिरव्या छपराखाली एक म्हातारी ताठ बसली आहे, मांडीवर पिशवी, नजर रस्त्यावर. बोलत नाही, हलत नाही. कॅमेरा जवळ जातो. तिच्या चष्म्याची एक काडी नाही. तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलाय.

“काय काम केलंय हो त्या आजींनी!” सून म्हणाली. “नुसतं बघण्यात सगळं आलं.”

“आणि तो दोरा बघा,” प्रूफकाका म्हणाले. “याला म्हणतात बारकाईने काम करणं. हजारात एखादा असा विचार करतो.”

पावणेदहा उठून टीव्हीसमोर उभे राहिले होते. “या मोठ्या बाई आहेत,” ते म्हणाले. “गावच्या शाळेच्या हेडबाई. यांना नटी कुठली म्हणता? थांब्याशेजारीच राहतात, सव्वीस वर्षं रोज सकाळी मला वेळ विचारायच्या.”

“बरं, मग?” प्रूफकाकांनी विचारलं.

“मग काय! गाडी येते याला पुरावा हवा ना? हा घ्या. बाई थांब्यावर का बसल्यात? गाडीची वाट बघतायत. पाच मिनिटांत गाडी आली असणार, आणि ती या चोरांनी कापून टाकली. आणि तो दोरा तर साफ थापेबाजी आहे. बाईंचा चांगला चष्मा माझ्या शेवटच्या फेरीत मीच दुरुस्तीला आणला होता. परत न्यायचं वहीत लिहून ठेवलं होतं. नव्या ड्रायव्हरने दुसऱ्याच दिवशी पोचवला असेल. असा दोरा बांधून बसवायची गरज काय? म्हातारीची शोभा करायची?”

प्रूफकाकांनी डोळे बारीक केले. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका शोधलेला माणूस. छापलेलं आणि बोललेलं मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. “उद्या डेपोत जाऊ,” ते म्हणाले. “वेळापत्रक बघू. गाडी जात असेल तर टीव्हीवाल्यांना पत्र मी लिहितो, आणि मी लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं.”

पावणेदहांनी इस्त्रीचा शर्ट काढला. पाच वर्षांत ते डेपोकडे फिरकले नव्हते. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, दुसऱ्याच्या हाती गाडी बघवत नाही. ऐकायला हे बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दोघं चौकशीच्या खिडकीपाशी उभे होते. आतला कारकून तरुण होता, डोळ्यांवर झोप. गावाचं नाव ऐकून तो म्हणाला, “तो मार्ग बंद आहे.”

“आजच्यापुरता?”

“नाही हो. बंदच आहे.” त्याने जाडजूड रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि बोट ठेवलं. “ही शेवटची फेरी.”

प्रूफकाकांनी चष्मा कपाळावर ढकलून तारीख वाचली. पावणेदहांना वाचावी लागली नाही. तारखेपुढे सही त्यांचीच होती.

“पण मला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “हार घातला, भाषण केलं, साहेब म्हणाले, तुमची गाडी अशीच चालू राहील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“तसं सगळ्यांनाच म्हणतात,” कारकून म्हणाला.

“आणि तिथली माणसं? त्यांनी विचारलं नाही?”

“फोन येतात की. एका बाईंचा तर दर आठवड्याला येतो. मी सांगतो, सोमवारी बघा. काहीतरी सांगावं तर लागतं ना.”

तेव्हा जे झालं ते सगळ्या डेपोने ऐकलं. पावणेदहांनी खिडकीवर अशी मूठ आपटली की आतली काचेची बरणी लवंडली. त्यांनी कारकुनाला धुतलं, साहेबाला धुतलं, भाषणाला, हाराला, टाळ्यांना धुतलं. पाच वर्षं तुम्ही एका म्हातारीला सोमवार दाखवता? लाज नाही वाटत? यंत्रशाळेतले लोक हातातली पान्हे-पकडी तशीच घेऊन धावत आले. जुन्यांपैकी कुणीतरी हसत म्हणालं, “अरे, पावणेदहा आले!” आणि त्यांचा चेहरा बघून तिथेच थांबलं.

कारकुनाच्या मागे भिंतीवर किल्ल्यांचा फळा होता. प्रत्येक मार्गाला एक खिळा, प्रत्येक खिळ्याला किल्ली. डेपोची रीत अशी की जाणारा ड्रायव्हर आपली वही किल्लीच्या खिळ्याला अडकवून जातो, येणारा किल्ली घेताना वही घेतो. खालच्या रांगेत एका खिळ्यावर किल्ली नव्हती. दोऱ्याने बांधलेली, धुळीने राखाडी झालेली वही होती. त्यांनी पाच वर्षांपूर्वी जशी अडकवली होती तशीच, पुढची बाजू भिंतीकडे करून. कुणी तिला हातसुद्धा लावला नव्हता.

ती त्यांनी मागून घेतली आणि शेवटचं पान उघडलं. सुताराची करवत, धार लावून. औषधवाल्याचं पाकीट. आणि खाली, दोन रेघा मारून: मोठ्या बाईंचा चष्मा. उद्याच. विसरू नये.

प्रूफकाकांनी ते पान दोनदा वाचलं. मग त्यांनी घसा साफ केला. “मालिकेत चूक नाही,” ते म्हणाले. “दोरासुद्धा बरोबर आहे.”

“तोंड बंद ठेवा!”

“ठेवतो. एकच विचारतो. डेपोचं सोडा. या पाच वर्षांत तुम्ही एकदा तरी गेलात का?”

पावणेदहांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. ज्या गावाला ते माझं गाव म्हणून घरात रोज आरडाओरडा करत होते, तिथे पगार थांबल्यावर त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. इतका वेळ साहेबावर, कारकुनावर, टीव्हीवर फेकलेला सगळा राग वळून परत आला आणि त्यांच्याच छातीवर बसला.

चष्म्याचं दुकान दहाला उघडलं. दुकानदाराने विसरलेल्या वस्तूंचा खोका काढला. पाकिटावर पावणेदहांच्याच अक्षरात लिहिलं होतं, शेवटचा थांबा. नवी काडी बसवून चष्मा तयार होता, पाच वर्षांपासून.

ते घरी आले नाहीत. चष्मा घेऊन गावाला निघालो, हा त्यांचा निरोप प्रूफकाकांनी आणला. हमरस्त्याची गाडी फाट्यावर उतरवते, तिथून पुढे अकरा किलोमीटर. सहा किलोमीटर चालल्यावर त्यांना एका ट्रकवाल्याने घेतलं, पण तो अर्ध्यातूनच शेताकडे वळला. रस्ता ओळखीचा होता, फक्त मधे गवत उगवलं होतं. सुताराच्या वळणावर त्यांचा हात आपोआप वर गेला, हॉर्न द्यायला. सुताराच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज.

दुपारचे दोन वाजले असतील. मोठ्या बाई घराच्या पायरीवर बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी दोरा बांधलेला चष्मा सावरला, पण त्यातून त्यांना नुसता आकार दिसला असावा.

“शूटिंगवाले का? पुन्हा बसू तिकडे?” त्यांनी विचारलं. “मागे म्हणालात, आजी, रोज बसता तशा बसा. मी रोज नाही बसत. सोमवारी बसते. सोमवारी गाडी येणार म्हणतात.”

“बाई, मी आहे,” ते म्हणाले. “पावणेदहा.”

बाईंनी हात पुढे केला, शाळेत जप्त करायची वस्तू मागावी तसा. पावणेदहांनी त्या हातावर पाकीट ठेवलं. बोलायचं खूप ठरवून आले होते. साहेब काय म्हणाले, कारकून काय म्हणाला, वही कशी भिंतीकडे तोंड करून लटकत होती. वाटेत सगळं पाठ केलं होतं.

बाईंनी दोऱ्याचा चष्मा काढला, हा घातला, पदराने काचा पुसून पुन्हा घातला. त्यांच्याकडे पाहिलं. धुळीने भरलेले बूट, घामाने भिजलेला इस्त्रीचा शर्ट, सगळं वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून मागचा रस्ता पाहिला, पार वळणापर्यंत.

“बस कुठंय?” मोठ्या बाईंनी विचारलं.