मला उपास नव्हता

धुण्याच्या दगडावर उभं राहून मी इंग्रजी बोलले. निपाणीत, आप्पासाहेबांच्या बंगल्याच्या परसात. खिडकी उंच होती. खाली उभी राहिले तर कपाळ तेवढं गजांना लागायचं. दगडावर चढले तेव्हा तोंड वर आलं. आत पंगत बसली होती. पाट, रांगोळी, केळीची पानं, पानावर पुरणपोळी आणि तिच्यावर तूप. पाटांवर आफ्रिकेतून आलेले तीन पाहुणे. त्यांचं बोलणं यजमानांना कळत नव्हतं आणि यजमानांचं त्यांना. मधे मी. मधे म्हणजे भिंतीच्या बाहेर.

"बाई, तुमी हितंच थांबा. आवाज येतोय की आत," आप्पासाहेबांच्या मंडळींनी सांगितलं होतं. रागावून नाही. चपला कुठं काढायच्या ते सांगावं इतक्या सहज.

डोक्यावर ऊन. दगड साबणानं गुळगुळीत झालेला, पाय सटकायचा, म्हणून एका हातानं गज धरलेला. आतून आप्पासाहेब म्हणाले, "पुरणपोळी म्हंजे काय ते सांगा त्यांना." मी सांगितलं. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा. "आन कशी लागती ते बी सांगा." तेही सांगितलं. सकाळपासून हॉलमध्ये सतरंज्या घालत होते, पोटात एक कप चहा होता. पोळी कशी लागते ते मी गजांतून सांगत होते आणि आत लोक खात होते.

पाहुण्यांत एक बाई होत्या. केनियाच्या. नाव अकिन्यी. त्यांनी हातातला घास पानात ठेवला आणि खिडकीकडे बघून विचारलं, तुम्ही आत का येत नाही? जेवणार नाही का आमच्याबरोबर?

हा प्रश्न आप्पासाहेबांना मराठीत सांगायचं कामही माझंच. सांगितलं. "बाई विचारतात, मी आत का येत नाही."

वाढणारे थांबले. आप्पासाहेब मात्र हसले. "सांगा, आमच्या बाईंचा आज उपास हाय."

मी सांगितलं. माझ्या तोंडानं, चांगल्या स्वच्छ इंग्रजीत. आज माझा उपास आहे. अकिन्यीबाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली. माझ्या उपासाला त्यांनी मान दिला होता. त्या क्षणी ती खिडकी, तो दगड, तो बंगला सगळ्याला आग लावावीशी वाटली.

उपास म्हणे. माझ्या बापानं घरातले देव टोपलीत घालून वेदगंगेला सोडले तेव्हा मी पाळण्यात होते. आम्ही बौद्ध झालो. देव गेले तसे उपासही गेले. त्यानंतर आमच्या घरात उपाशी कुणी राहिलंच नाही असं नव्हे. तंबाखूचा हंगाम सरला, वखारीला कुलूप लागलं की राहायचो. त्याला आम्ही उपास म्हणत नव्हतो.

वखार याच आप्पासाहेबांची. माझी आई तिथं तंबाखू चाळायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याच्या वासानं आम्ही पोरं शिंकायचो. ती खोकायची. बाप गेला तेव्हा मी मॅट्रिकला होते. आईनं मला वखारीची पायरी चढू दिली नाही. बेळगावला बी.ए., धारवाडला एम.ए., तेही इंग्रजी घेऊन. परत आले तेव्हा आप्पासाहेबांच्याच संस्थेच्या हायस्कुलात रजेच्या जागेवर लागले. त्या जागेवरचे मास्तर पुढं परत आलेच नाहीत. "जूनपास्नं तुमास्नी कायम करतो," असं आप्पासाहेब म्हणाले होते. मी कायम झाले की आईची वखार सुटणार होती. आमच्या घरात त्या वर्षी दुसरं काही बोललंच जात नव्हतं. कायम झालीस की हे करू, कायम झालीस की ते करू. सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं.

आता आफ्रिका निपाणीत कशी आली ते सांगते. आप्पासाहेबांच्या मेव्हण्याचं नैरोबीत दुकान होतं. आप्पासाहेब तिकडं जाऊन आले. आल्यावर त्यांच्या डोक्यात आलं, संस्थेच्या वर्धापनदिनी आफ्रिकेतल्या कर्तबगार माणसांना पुरस्कार द्यायचे. नवे शोध लावणारे, समाज बदलणारे. तिकडचे काही जण पुण्याला कुठल्या परिषदेला येणार होते, त्यांतल्या तिघांना तिथून मोटारीनं निपाणीला आणायचं. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे तिघे होते. इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून मी.

आणि खरं सांगते, मला आनंद झाला होता. पाहुण्यांची माहिती मराठीत मीच लिहून काढली. एकानं स्वातंत्र्याच्या लढ्यात जंगलातल्या छावणीत झाडाखाली शाळा चालवली होती. एकानं मोडक्या सायकलींच्या भागांतून विहिरीचं पाणी उपसायचा पंप केला होता. आणि अकिन्यीबाईंनी मातीची अशी चूल काढली होती की तिला लाकूड थोडं लागायचं आणि धूर घरात कोंडायचा नाही. गावोगाव फिरून त्या बायकांना ती बांधायला शिकवायच्या. हे मी आईला वाचून दाखवलं. आई भाकरी थापत होती, डोळ्यांतनं पाणी गळत होतं धुरानं.

"धूर न्हाय म्हंतीस? मग दिऊ द्या की तिला बक्षीस," ती म्हणाली.

त्या माणसांचा मान खरा होता. तो त्यांनी कमावला होता. माझा राग त्यांच्यावर तेव्हा नव्हता, आज नाही. पण लांबच्या काळ्या माणसाला पाटावर बसवलं की जवळच्या माणसाला दगडावर उभं करता येतं, हे गणित मला त्या दुपारी कळलं. लांबचा माणूस उद्या मोटारीत बसून जातो. आम्ही गावातच राहतो. आम्हाला एकदा पाटावर बसवलं तर उठवायचं कसं, ही त्यांची अडचण.

संध्याकाळी कार्यक्रम. पुढच्या खुर्च्यांवर व्यापारी, वकील, डॉक्टर. हॉल भरलेला दिसावा म्हणून वखारीतल्या बायकांना अर्धी सुट्टी देऊन आणलं होतं. त्या मागं, सतरंजीवर. त्यांत माझी आई. डोक्यावरचा पदर झटकून आली होती तरी पिवळी धूळ होतीच.

शाल, श्रीफळ, फेटा, चांदीचं पदक. फेटा बांधताना अकिन्यीबाई लहान पोरीसारख्या हसल्या. टाळ्या झाल्या. मग त्या बोलल्या आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. त्या म्हणाल्या, माझी आई एका गोऱ्या मळेवाल्याकडं स्वयंपाक करायची. तिच्या हातचं तो खायचा. पण पुढच्या दारानं ती कधी आत गेली नाही. मी लहान असताना एकदा पुढच्या दारानं गेले तर मला कुत्र्यासारखं हाकललं. मी चुलीवर काम करायला लागले, कारण त्या घरात माझ्या आईचं असं चुलीशिवाय दुसरं काही नव्हतं.

पुढच्या खुर्च्यांवर चुकचुक झाली. एका वकीलसाहेबांनी रुमाल काढला. गोरे किती हलकट, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मागं सतरंजीवर कुणी चुकचुकलं नाही. त्या बायका नुसत्या ऐकत होत्या. त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

मग आप्पासाहेब उठले. बोलायला पटाईत. सीमाभागातल्या मराठी माणसावर अन्याय होतो म्हणून बेळगावच्या खडेबाजारात भाषण करून आलेले. अन्याय हा शब्द त्यांच्या तोंडात चांगला मुरलेला. ते म्हणाले, "बाईंचं दुःख ऐकून आमचं काळीज हललं. पण ही भूमी संतांची हाय. हितं माणसाला माणूस म्हणून वागवत्यात. जातपात, उच्चनीच आमच्या गावात कुणी मानत न्हाय." आणि माझ्याकडं वळले. "सांगा, बाई, त्यास्नी."

माईक माझ्यासमोर होता. अकिन्यीबाई माझ्याकडं बघत होत्या, फेट्याखालून, ऐकायला तयार. दुपारसारख्याच.

मला जून दिसला. कायम हा शब्द दिसला. मागं आई दिसली. त्या वाक्याचं इंग्रजी माझ्या जिभेवर तयार होतं, सोपं होतं, शाळेतल्या पोरालाही आलं असतं.

मी आप्पासाहेबांना म्हणाले, "हे मी सांगणार नाही."

मग अकिन्यीबाईंकडं वळून इंग्रजीत बोलले. हळू, एकेक शब्द. आणि बोलून झाल्यावर हॉलकडं तोंड केलं. "मी काय बोलले त्याचं मराठी सांगते," म्हणाले. "मी त्यांना सांगितलं, दुपारी मला उपास नव्हता. मला आत घेतलं नाही. मी खालच्या जातीची आहे म्हणून मला परसात दगडावर उभं केलं."

अकिन्यीबाईंनी आप्पासाहेबांना काहीतरी विचारलं. आप्पासाहेबांना कळलं नाही. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, ते माझ्याकडं बघायला लागले. भाषांतरासाठी.

"त्या विचारतात, हे खरं आहे का," मी सांगितलं.

माईक बंद झाला. कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं, वेळ झाली नव्हती तरी. सगळे ताठ उभे राहिले, मीही राहिले. पुढं गावात लोक सांगायचे की त्या बाईनं शाल तिथंच फेकली. खोटं आहे. शाल, पदक घेऊन त्या मोटारीत बसल्या. जाताना गर्दीतून माझा हात धरला आणि गेल्या. लढाई त्यांची नव्हतीच.

घरी येताना आई पुढं, मी मागं. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर तिनं विचारलं, "नोकरी गेली न्हवं?"

"व्हय."

"माझी बी जाईल." थोडं चालून म्हणाली, "आधी का न्हाय सांगिटलंस गं, दगडावर हुबं केलतं म्हणून? पोटात ठिवून फिरत हुतीस."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी हेडमास्तर आमच्या दारात. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. दाराबाहेरच उभं राहून म्हणाले, "बाई, आप्पासाहेब मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी मार्ग काढलाय. दोन ओळी लिहून द्या. उपासामुळं चक्कर आली, काय बोलले ते भान नव्हतं. एवढंच. जूनला कायम होताय. आईंनाही कुणी काढत नाही."

पुन्हा उपास. आता तर सहीनिशी हवा होता.

मी आईकडं बघितलं. तिची वखारही त्या दोन ओळींत होती. ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ते आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिनं तव्यावरची भाकरी काढली, जर्मनच्या ताटलीत ठेवली, वर झुणका घातला आणि ताटली हेडमास्तरांपुढं केली.

"मास्तर, लांबनं आलाय. बसा की. दोन घास खावा."

हेडमास्तर एक पाऊल मागं सरले. "नको नको. आज माझा उपास—"

पुढचा शब्द त्यांनी गिळला. कानशिलं लाल झाली.

मी ती ताटली आईच्या हातातून घेतली. उंबऱ्यावर बसले, त्यांच्या डोळ्यांसमोर. भाकरी मोडली, झुणक्याला लावली, खाल्ली. सगळी खाल्ली. घाई केली नाही. ते उभे होते. मग हात धुतला आणि म्हणाले, "सर, आप्पासाहेबांना सांगा, बाई जेवत होत्या. पोटभर जेवल्या. आणि लिहून काही देणार नाहीत, आज नाही, जूनमध्ये नाही, मेल्या तरी नाही."