दंडाला पट्टा आणि एक किलो वजन

ट्रामचे रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत, असा सल्ला मी पुण्याहून इकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला देत आले आहे. मार्चमध्ये माझ्याच सायकलचं चाक त्या रुळात अडकलं आणि मी उजव्या मनगटावर पडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा आतून दुसऱ्याच कुणाचा तरी हात बाहेर आला, बारीक आणि पांढुरका.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर हलवायचं काम बहीणच करत होती. परक्या बाईने अंगाला हात लावलेला आईला चालत नाही. आता बहिणीलाच हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं.

"ताई, जूनमध्ये सहा आठवडे येशील? आईला उचलायला जमेल ना तुला?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणाले. फोन डाव्या हातात होता, कारण उजव्यात तो पेलत नव्हता.

जूनमध्ये आईला उचलायचंय म्हटल्यावर फोरबर्ग या आमच्या डच गावातल्या फिजिओने सांगितलं, जड वजन अजून वर्ज्य. त्यावर तिच्याकडे एक युक्ती होती. दंडाला खांद्याच्या जरा खाली पट्टा बांधायचा आणि हातपंपाने त्यात हवा भरायची. रक्त हातात थोडं थोडं येत राहतं, परत जाताना मात्र अडतं, आणि एक किलो उचलणाऱ्या स्नायूला आपण केवढं तरी मोठं ओझं उचलतोय असं वाटतं. आव आणणाऱ्या गोष्टींवर माझा मुळात विश्वास नाही. ऑफिसात "परिवर्तन" या विषयावर बैठक असली की मी विणकाम काढते. पण इथे तीस वेळा, मग पंधरा, पंधरा, पंधरा असं झाल्यावर ते चिमुकलं डंबेल वरवंट्याएवढं जड झालं आणि हात आतून पेटला. आव असेल, पण मेहनती होता.

"पट्टा किती घट्ट वाटतो? शून्य ते दहा. मला सात हवेत," ती म्हणाली.

आमच्या घरी एकशे दोन तापाला कणकण म्हणतात. मी म्हणाले, "चार."

तिने हवा वाढवली. पुन्हा विचारलं. "पाच." आणखी हवा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उचलत राहिले. बोटांना मुंग्या आल्या, नखं जांभळी झाली. तिने हाताकडे पाहिलं आणि झटकन हवा सोडली.

"खरं किती होतं?"

"नऊ."

"मग चार-पाच का म्हणालीस?"

ती उत्तराची वाट बघत थांबली. इथले लोक प्रश्न विचारून खरंच थांबतात.

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला कशाला वाईट वाटेल? हात तुझा आहे." मग म्हणाली, "आईला उचलताना तिला दुखलं, तर ती तरी सांगेल का?"

त्या संध्याकाळी मला एका जागी बसवेना. तीनदा चहा ठेवला, दोनदा विसरले. शेवटी बहिणीला फोन लावला. "खरं सांग, पोटात कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीपासून."

"आणि मी दर रविवारी फोन करत होते!"

"तू विचारायचीस, 'सगळं बरं ना?' मी म्हणायचे, 'हो.' आणखी काय म्हणणार?"

मे महिनाभर रोज सकाळी नवरा आई होऊन पलंगावर पडायचा. गरजेपेक्षा जास्तच कण्हायचा. "आज्जी बाबाच्या निम्मी आहे," मुलगी दात घासता घासता डचमध्ये म्हणायची. तोवर फिजिओने सांगून टाकलं होतं की माणूस उचलायचं पायांनी, हात फक्त धरायला. एवढे पट्टे बांधून मी धरायला शिकत होते तर. तिकिटाची तारीख रोज तपासत होते, जणू ती सरकेल.

पुण्यातली पहिली सकाळ. बहीण पोटावर हात ठेवून दारात उभी. मी गुडघे वाकवले, आईच्या काखेखालून हात घातले.

"दुखलं तर आकडा सांगायचा. शून्य ते दहा."

"आता या वयात परीक्षा?" आई म्हणाली.

मी उचललं. मनगटातून कळ गेली. आईचे ओठ मिटलेले.

"किती?"

"दोन."

मी तिला तशीच परत पलंगावर टेकवली. "खरं सांग."

तिने पदर सारखा केला. "आठ. काखेत केवढं आवळतेस गं! धाकटी पण आवळते."

"मला कधी बोलली नाहीस," बहीण म्हणाली.

मी हात काखेतून काढून खाली, तिच्या पाठीमागे घेतले, पायांवर जोर दिला. आई उठली, वळली, खुर्चीत बसली.

"आता?"

"तीन. खरंच तीन." मग माझ्या मनगटाकडे बघून, "आणि तुझं?"

काही नाही, असं तोंडावर आलं होतं.

"सहा," मी म्हणाले.

"मला कुणी विचारणार आहे का?" दारातून बहीण म्हणाली.