एका कानाने शोधलेलं जहाज

रविवारची दुपार. गुडगावमध्ये आमच्या नव्या फ्लॅटसमोर तेव्हा दोन मॉल एकदमच उभे राहत होते... आणि मी नवऱ्याशेजारी, नितीनशेजारी बसून कॉम्प्युटरवरची पाणबुडी बघत होते. बघतच होते फक्त.

त्याआधी काही महिने एका तापात माझा डावा कान गेला. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. उजव्याने ऐकू सगळं यायचं, पण आवाज कुठून येतोय तेच कळेना. हॉर्न वाजला की मी रस्त्यात थिजून उभी.

एकदा एक टेम्पो अगदी ओढणीला घासून गेला. त्यानंतर मी एकटीने बाहेर पडणंच सोडलं. ऑफिसची कॅब गेटपर्यंत यायची, भाजी नितीन आणायचा.

नितीनला पाणबुडीच्या गेमचं वेड, आणि त्यातही सोपं काही नको. नकाशावर जहाजं दिसण्याची सोय त्याने बंदच करून टाकलेली. खऱ्या पाणबुडीत कोण खुणा करून देतं, म्हणायचा. पाण्याखाली गेलं की जे कळायचं ते ऐकून...

त्या दिवशी त्याला जहाज काही सापडेना. वैतागून त्याने हेडफोन माझ्याकडे सरकवला.

"मला दिशा कळत नाही, माहितीये ना तुला."

"यात दोन कान लागतच नाहीत. ते चाक फिरव, म्हणजे पाणबुडीचा कान फिरतो. आवाज जिथे सगळ्यात मोठा, तिथे जहाज."

मी माउसने स्क्रीनवरचं चाक हळूहळू फिरवू लागले. आधी नुसतीच पाण्याची घरघर. मग कुठेतरी बारीक धपधप... पुढे गेले तर विरली, मागे आले तर पुन्हा आली. एका जागी ती स्वच्छ ऐकू आली आणि मी थांबले. म्हटलं, "इथे आहे."

नितीनने पाणबुडी वर घेतली, पेरिस्कोप तिकडे वळवला. धुक्यातून एक जहाज धूर सोडत चाललं होतं.

ते पुढे बुडलं की निसटलं, खरंच आठवत नाही. मी उठून बाल्कनीत गेले होते. खाली क्रेन, मिक्सर, गाड्या... डोळे मिटले आणि मान तशीच हळूहळू फिरवली. उजवा कान ज्याच्या समोर येई, तो आवाज मोठा होई.

मग रोज तेच. नितीन खाली जाऊन स्कूटरचा हॉर्न वाजवायचा, मी वरून डोळे मिटून बोट दाखवायचे. चुकायचे, चिडायचे, पुन्हा करायचे. सोसायटीने आम्हाला नक्कीच वेड्यात काढलं असणार.

शेवटी एका संध्याकाळी पिशवी उचलली आणि एकटीच निघाले. रस्त्याकडेला थांबले, मान फिरवून ऐकलं, डोळ्यांनी खात्री केली... आणि पलीकडे गेले.

मंडीत मागून हाक आली, "दीदी, मटर ले लो." मी पहिल्याच झटक्यात बरोबर वळले. गरज नव्हती, तरी दोन किलो मटार घेतले.

कान परत आला नाही. पण घराबाहेर पडले ते काहीच सोपं करून न देणाऱ्या त्या गेममुळे... आणि त्या संध्याकाळी "मी येऊ का?" असं न विचारणाऱ्या नवऱ्यामुळे.