चार बोटं जास्तीचा गज

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. कापडाची चार थानं उलगडायला लावून काही न घेता उठणारी बाईसुद्धा मला शेजारच्या दुकानदारानं पाठवलेली वाटायची.

वडील गेले तेव्हा आमची तीन कापडदुकानं होती. वरोऱ्याचं मोठ्या भावाकडे, चामोर्शीचं माझ्याकडे, वडशाचं धाकट्याकडे. भावानं कापड मोजायचे जुने लाकडी गज मोडीत काढून सगळीकडे सरकारी शिक्क्याचे लोखंडी गज दिले. वर्षभरात त्याचं नि माझं गिऱ्हाईक आटलं. बाजाराच्या दिवशीही मी माश्या मारत बसायचो, आणि चामोर्शीचं दुकान बंद करायची भाषा सुरू झाली. वडशाला मात्र गर्दी, आणि तिथल्याच थानांत विक्रीच्या हिशेबापेक्षा कापड कमी निघायचं.

कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी ताडलं. धाकट्याला नाटकाचं वेड, तेव्हा हा नाटकमंडळींना पडदे पुरवत असणार! एका दुपारी नाटकाच्या मंडपामागे जाऊन मी पडद्यांचं कापड बोटांनी चाचपून आलो. ते आमचं नव्हतं. तरीही मोठ्या भावाला म्हणालो, "भाऊ, हा कापड चोरून राह्यला."

धाकट्यानं मला एवढंच विचारलं, "तुले असं वाटते?"

मी मान डोलावली. त्यानं किल्ली ठेवली आणि सासुरवाडीला निघून गेला.

वडशाच्या गादीवर मी बसलो. पहिल्याच बाजाराला एका म्हातारीनं माझ्याकडून घेतलेलं मांजरपाट तिथंच स्वतःच्या हातानं मोजलं आणि माझ्यापुढं टाकलं.

"कमी हाये. मी नाई नेत. तुह्या बापाच्या गजानं मोज."

गादीखाली वडिलांचा सागवानी गज होता. लोखंडी गजाला लावून पाहिला, तर चार बोटं जास्त भरला. वडील जन्मभर तेवढं जास्त देत आले होते, नि लोक त्यालाच खरं माप समजत होते. आमचं खरं माप त्यांना लबाडी वाटत होतं. धाकट्यानं तो गज केवळ वडिलांची आठवण म्हणून ठेवला आणि वापरला होता. मला माझीच शिसारी आली.

सुताराकडून तसेच आणखी दोन गज करून घेतले. दिवाळीपर्यंत तिन्ही दुकानं पुन्हा गजबजली. धाकट्याला आणायला मी स्वतः गेलो. तो आला आणि पुन्हा वडशाच्या गादीवर बसला.

पुढे वडशाला गेलो की तो चहा मागवायचा, हसून बोलायचाही. पण मी बसलेला असेपर्यंत प्रत्येक कापड दोनदा मोजायचा. दुसऱ्यांदा माझ्याकडे तोंड करून.