बाविसावे नाव

मंगळवार, १४ ऑगस्ट २०१८. उकाडा. कारल्याच्या वेलाला दोनदा पाणी घातले. वेदीच्या कापडाची शिवण पुरी झाली. चार वाजता फ्लोरेन्तिनो आब्रिगो आला. अर्धा तास बसला. शेवया केल्या होत्या, खाल्ल्या नाहीत. ट्रिनाचे ठरले: कॉलेज.

फ्लोरोला गेल्या शनिवारी पुरले. कबरीपाशी जो तो म्हणत होता, सर किती प्रेमळ. तो प्रेमळ नव्हता. घरी येऊन मी जुनी वही काढली, आणि त्या दिवसाखाली किती थोडे लिहिले आहे ते पाहिले.

त्याचे आईबाप कॅलिफोर्नियाच्या याच खोऱ्यात शतावरीचे कोंब कापायचे. पोराचे गणित चांगले, तरी आमच्या हायस्कुलाने त्याला सुतारकामाला घातले. तुमच्या फिलिपिनो लोकांच्या हातात कसब असते म्हणाले. त्याने तिथे एक तिपाई केली. पुढे त्याच शाळेत गणिताचा मास्तर होऊन आला तेव्हा ती वर्गात ठेवली, आणि तिच्यावर कधी कुणाला बसू दिले नाही. गावाच्या आमच्या बाजूला कॅल्क्युलसचा वर्ग हवा म्हणून तो चार वर्षे कचेरीशी भांडला. वर्ग मिळाला, सकाळी सातचा. दुपारी कामाला जाणारी किंवा भावंडे सांभाळणारी मुले त्याच वेळी येऊ शकत. आठवड्यातली सर्वांत मोठी चूक ज्याची, त्याने शुक्रवारी फळ्यापाशी उभे राहून ती समजावून सांगायची. माझी मुलगी लूस तिथे तीनदा उभी राहिली होती. ती आता दवाखान्यात मोठी नर्स आहे, पण ते तीन शुक्रवार विसरलेली नाही.

शाळेचा नियम असा की बाविसाहून कमी नावे असली की वर्ग बंद. त्या वर्षी कम्युनिटी कॉलेजने हायस्कूलच्या मुलांना संध्याकाळचा कॅल्क्युलस फुकट खुला केला. फ्लोरोची मुले एकेक करून तिकडे गेली. तो आमच्याकडे आला तेव्हा बावीस उरली होती, त्यात एक लूसची मुलगी, माझी नात ट्रिना. शुक्रवारी मोजणी होती.

"मानांग," तो मला म्हणाला. आमच्यात थोरल्या बहिणीला तसे म्हणतात. "ट्रिनाचं नाव काढू नका."

लूसला त्या दिवशी सुटी होती. ती स्वयंपाकघरातूनच बोलली. "सर, तुमच्याकडे वर्षभर घासायचं आणि मे महिन्यातल्या तीन तासांच्या परीक्षेवर सगळं. कॉलेजात पास झाली की सुटली. तेही चार महिन्यांत."

"चार महिन्यांत उरकतात, लूस. शिकवत नाहीत."

"तुम्ही शिकवता, ते माहितेय मला. अजून स्वप्नात फळा येतो."

"तुझी चूक चांगली होती. अजून नव्या मुलांना सांगतो मी."

"सांगा ना! नावसुद्धा सांगत असाल!" ती बाहेर आली. "तुम्ही तुमचा वर्ग वाचवायला आलात. ट्रिनाचं तुम्हाला काय पडलंय?"

"वर्ग वाचवायलाच आलोय. खोटं कशाला बोलू? ट्रिना कुठेही तरेल. पण मारिसेला ओचोआ आहे, चेरीच्या बागांपलीकडे राहते. तिला चारला भावंडांना शाळेतून आणायचं असतं, कॉलेज तिला जमत नाही. इंजिनिअर व्हायचंय तिला, आणि होईल. अशी पोरगी मला दहा वर्षांत मिळाली नाही. माझा वर्ग गेला तर ती कुठे जाईल?"

लूसने माझ्याकडे पाहिले, कारण कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिची कामाची पाळी दुपारची, आणि गाडी चालवणारी मीच. मी नाही म्हटले असते तर प्रश्नच मिटला असता.

मी ट्रिनाला विचारले, "तुला काय वाटतं?"

"सगळ्या मैत्रिणी तिकडे चालल्यात, लोला." आजीला आमच्यात लोला म्हणतात.

नन्सच्या शाळेत मी पाच वर्षे पहिली आले. कॉलेजचा अर्ज वडिलांनी कपाटात ठेवला तो ठेवलाच. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभे राहून मला म्हणायचे होते, आमची ट्रिना सोळाव्या वर्षी कॉलेजात जाते. मारिसेलाचा विचार मी केला, पण तो या वाक्यानंतर.

"मी सोडीन तिला," मी म्हणाले.

फ्लोरो उठला. शेवयांच्या ताटलीकडे त्याने पाहिलेही नाही.

शुक्रवारी वर्ग बंद झाला. त्याला नववीचे पाच वर्ग दिले.

मी दर मंगळवारी आणि गुरुवारी साडेचारला ट्रिनाला सोडत असे आणि गाडीत बसून जपमाळ ओढत असे. तेरा नोव्हेंबरला अचानक थंडी पडली, म्हणून तिचा स्वेटर घेऊन मी वर्गापर्यंत गेले. तिथल्या मास्तरांनी यादी पाहिली. ट्रिनाने विषय सोडून पाच आठवडे झाले होते. कॉलेज घरी फोन करत नाही. ती मला उपाहारगृहात सापडली, पुढ्यात चिप्स.

"घरी का नाही सांगितलंस?"

"तुला किती आवडायचं गं, लोला, मला सोडायला येणं."

दुसऱ्या दिवशी तांदळाचा केक भाजून, मोठ्या ताटात घालून मी फ्लोरोच्या मोकळ्या तासाला त्याच्या वर्गात गेले. फ्लोरो नववीचे पेपर तपासत होता. मी त्याला सगळे सांगितले. तो हिरव्या पेनाने खुणा करत राहिला.

"म्हणजे बाविसावी तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही," तो म्हणाला.

"मारिसेला?"

"जेवणाच्या सुटीत शिकवत होतो तिला. सप्टेंबरात मला त्याच वेळी कँटीनवर उभं केलं, पोरं रांग मोडतात म्हणून. आता सकाळी सातला ती कचेरीत पाकिटं चिकटवते. तासाची जागा कशाने तरी भरावी लागते ना."

"फ्लोरो, मला क्षमा कर."

"कशाबद्दल, मानांग? वेळापत्रक ऑगस्टमध्येच छापून झालं."

घंटा झाली. नववीची मुले धक्काबुक्की करत आत आली, एक जण तिपाईवर बसला. फ्लोरोने त्याला उठवले नाही. पुढच्या जूनमध्ये तो निवृत्त झाला. मारिसेला चेरीच्या गोदामात वजनकाट्यावर असते. हंगामात मी तिच्याकडूनच पेटी घेते, आणि ती मला ओळखत नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी मी वहीत एवढेच लिहिले: निळ्या काठाचे मोठे ताट फ्लोरोच्या वर्गात राहिले.