‘बिफोर’ची पोरगी

“हासू नको. दात दिसले का चेहरा बरा दिसते तुया.”

मॅडम मोबाइलच्या मागून म्हणाली. तेव्हा मी तिला अहोजाहो करायची. आता करत नाही.

आर्णीतल्या तिच्या पार्लरमध्ये मी काम शिकत होते. शिकणं म्हणजे टॉवेल धुणं, फरशी पुसणं आणि वेळ उरला तर एखादीच्या आयब्रो. त्या दिवशी तिला गोरं करणाऱ्या क्रीमचा रील करायचा होता. त्याला एक काळं तोंड लागत होतं. लांब शोधायची गरज पडली नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेली मी तिथेच उभी होते.

केस विस्कटले, तोंडावर पांढरा लाइट मारला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मला उठवून तिने माझी ओढणी तिच्या गोऱ्यापान भाचीच्या गळ्यात टाकली आणि तिला त्याच खुर्चीत बसवलं. रीलमध्ये तोंड झाकते ती मी. हात बाजूला होतात तेव्हा भाची. आधी ‘बिफोर’, मग ‘आफ्टर’. जशी काही एकच पोरगी.

मला वाटलं, कोण बघतंय! सगळ्यांनी बघितलं. कॉलेजच्या पोरींनी, तांड्यातल्या पोरांनी, नात्यातल्या बायांनी. खाली लोक लिहून गेले. ‘लाइट गेली काय?’ ‘तांड्याचा माल दिसते.’ ‘हिले नजर लागाचं टेन्शन नाही.’ मी एकेक वाचलं. खपली काढावी तसं रोज उघडून वाचायची.

शेवटी मॅडमला म्हणाले, “मॅडम, काढा ना तो रील.”

“येडी झाली काय? चालू रील काढला का पेजच बंद पडते. पोट हाय मायं त्याच्यावर.”

मला खरं वाटलं. तिचं पोट बुडवायचं पाप कशाला घ्या, म्हणून मी गप्प बसले.

रील चालला तशी गिऱ्हाइकं वाढली. बाया येऊन विचारायच्या, ती गोरी झालेली पोरगी कुठे आहे? मी तिथेच टॉवेल घेऊन उभी. मॅडमने मला मागच्या खोलीत ओढलं. “क्रीम लाव, नाहीतर इथंच राह. समोर येऊ नको.”

मी लावलं. पण नुसत्या तिच्या धाकाने नाही. मला गोरं व्हायचंच होतं. हात काढल्यावर जी दिसते, ती व्हायचं होतं. सुरुवातीला उजळलेही. मग गाल लाल झाले, साल निघाली, बारीक केस उगवले. क्रीम सोडलं की आग व्हायची, म्हणून परत लावायचं. कापूस वेचायला गेले तर उन्हात तोंड भाजून निघायचं. माझी याडी, म्हणजे आई, गालाला हात लावायची आणि हात मागे घ्यायची.

मी फिल्टर लावून स्वतःला बघत बसायची. फिल्टर काढला की माझंच तोंड मला शिवीसारखं वाटायचं. आरसा उलटा टांगून ठेवला. कॉलेज सोडलं. आपण कोणाला दिसलोच नाही तर किती बरं, एवढंच मनात. मरावं असंही यायचं. कोणाला सांगणार?

मग लग्नसराईत एक नवरी आली. तिला फोटोंसाठी बंजारा लूक हवा होता. मॅडमने मला याडीची कांचळी आणायला सांगितली. आरसे जडवलेली ती चोळी याडीने स्वतःच्या लग्नासाठी स्वतः शिवली होती. तिने पेटीतून काढून, झटकून माझ्या हातात दिली.

माझ्या हनुवटीवर गोंदण आहे. लहानपणी याडीने गोंदवून घेतलेलं. मॅडमला ते गावठी वाटायचं, म्हणून रोज मला फाउंडेशनखाली दाबायला लावायची. त्या दिवशी म्हणाली, “पूस ते. डिझाइन पाहू दे.”

मी पुसलं. सोललेली कातडी चरचरली. तिने माझी हनुवटी चिमटीत धरली, उजेडाकडे वळवली आणि बघून बघून आयलायनरने नवरीच्या हनुवटीवर तसेच ठिपके काढले.

“वाव, किती क्यूट!” नवरी आरशात बघून म्हणाली.

माझ्यावर गावठी. तिच्यावर क्यूट.

“दे कांचळी,” मॅडम म्हणाली.

माझी मूठ सुटेना. “आधी तो रील काढा.”

“बस एवढंच? काढते, हे पाह्य.” तिने मोबाइल घेतला, रील उघडला, बोट नेलं.

“अन् पेज बंद पडते म्हणत होत्या ते?”

तिचं बोट तसंच वर थांबलेलं. म्हणजे इतके महिने हे एका बोटाचं काम होतं. मी रडले तेव्हाही, साल निघाली तेव्हाही. कांचळी अडली तेव्हा बोट हललं. माझ्या तोंडासाठी ते कधी हललं नव्हतं.

“नका काढू,” मी म्हणाले. “राहू द्या. खरं आफ्टर बी पाहू द्या लोकांले. कांचळी भेटत नाही.”

“मातली का तू? उद्यापासून येऊ नको!”

“नाहीच येत.”

बाहेर रस्त्यावर भर उन्हात मोबाइल समोर धरला. फिल्टर नाही, पावडर नाही. लाल गाल, उगवलेले केस, गोंदण. त्या रीलमधली पहिली पोरगी मी, दुसरी मी नव्हते, आणि या क्रीमने माझं हे केलं. एवढंच बोलले. व्हिडिओ तसाच टाकला.

लोक आताही लिहितात. पहिल्यापेक्षा घाण लिहितात. मॅडमचे फोन येतात, पोलिसात जाईन म्हणते. तोंड अजून जळतं, आणि मला ते अजून आवडत नाही, हेही खरं. पण तो व्हिडिओ मी काढणार नाही.