स्कॅन बघितला, आत्याला बघायचं राहिलं

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून लिहितेय, मंडळी. राग मावत नाहीये.

सकाळी काष्टीहून माझ्या आत्याला नगरच्या एका खासगी हॉस्पिटलात आणलं. तिला धाप लागली होती, आडवं होता येत नव्हतं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी थेट छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. फुफ्फुसात पांढुरके डाग दिसले. "व्हायरल न्यूमोनिया आहे, सध्या साथच चालू आहे," ते म्हणाले. घशाचा नमुना तपासायला पाठवला, पण रिपोर्टची वाट न बघता आत्याला वेगळ्या खोलीत ठेवून सलाईन लावलं.

आत्या म्हणाली, "डागदर, माझे पाय लई सुजल्यात, जरा बघा की."

"आजी, स्कॅनमध्ये सगळं दिसलंय," म्हणत ते पुढच्या पेशंटकडे गेले.

दुपारी धाप वाढली. ड्युटीवर आलेल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी चादर बाजूला केली, पायावर बोट दाबून बघितलं, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि आधी सलाईन बंद केलं. हृदय कमजोर झाल्यामुळे पायात आणि फुफ्फुसात पाणी साठलं होतं, सलाईननं ते आणखी वाढत होतं. स्कॅनमध्ये तेही कधीकधी असंच दिसतं, म्हणाल्या. नमुन्यात विषाणू सापडलाच नाही.

आत्या आता आयसीयूत आहे. सकाळचे डॉक्टर मघाशी जिन्यात भेटले. "स्कॅन बघून कुणालाही तसंच वाटलं असतं," म्हणाले.

वाटलं असतं, हो. पण आत्या तिथंच खाटेवर होती, शुद्धीत होती, बोलत होती.

तुमच्याकडे डॉक्टर अजून पेशंटला हात लावून तपासतात का?